नव्या घरातील साठवणुकीची जागा: लिंटेल भरण्यापूर्वी काय काय ठरवून घ्यावे?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. जळगाव शहराच्या बाहेरच्या भागात ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवर आमच्या घराचे बांधकाम सुरू असून विटांचे काम खिडक्यांच्या तळापर्यंत आले आहे. बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपण्याच्या दोन खोल्या असे साधे नियोजन आहे. वरचा मजला सध्या बांधायचा नाही. आम्ही पती-पत्नी, दोन मुले आणि सासूबाई अशी घरात पाच माणसे.

अंतर्गत सजावटीचे आराखडे ज्यांच्याकडून करून घेतले, त्यांनी टीव्हीची भिंत, छताला टेकणारी कपाटे आणि स्वयंपाकघरात मॉड्युलर ट्रॉल्या असे सगळे व्यवस्थित दाखवले आहे. सासूबाईंनी ते कागद शांतपणे पाहिले आणि 'गहू कुठे ठेवायचा?' एवढेच विचारले. मग आम्ही दोघी यादी करायला बसलो. वर्षाचा गहू आणि दादर (रब्बी ज्वारी), पापड-कुरडया-बिबड्यांचे डबे, पाहुण्यांच्या गाद्या आणि गोधड्या, आठ महिने बंद असणारा कूलर, कानबाईच्या सणाला लागणारी मोठी पातेली, मांडे भाजायचे मातीचे खापर, भरताची बडगी (वांगी ठेचायचे लाकडी भांडे). आराखड्यात यांपैकी एकाही वस्तूला जागा नाही. सजावटकारांना विचारले असता 'सगळीकडे लॉफ्ट (माळे) काढू' असे उत्तर मिळाले. मिस्त्रींना लॉफ्ट कुठे आणि किती, हे लिंटेलच्या (दार-खिडक्यांवरच्या आडव्या काँक्रीट पट्टीच्या) आधी हवे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लळिंग

ताई, मी धुळ्यात घरांच्या अंतर्गत रचनेचेच काम करतो. आपल्या सासूबाईंनी विचारलेला प्रश्न खरे तर आराखडा काढणाऱ्याने पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. कपाटे किती, हे आधी ठरवून मग त्यांत काय मावते ते पाहायचे, ही पद्धत दोन माणसांच्या फ्लॅटमध्ये कशीबशी चालते. जिथे वर्षाची बेगमी एकदम घरात येते, तिथे ती चालत नाही. म्हणून वस्तूंची यादी केलीत हे उत्तम झाले. आता त्या यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे तिचे माप, वजन आणि ती वर्षातून किती वेळा हाताळावी लागते, या तीन गोष्टी लिहा. जागा कुठे द्यायची हे त्यावरूनच ठरते.

उदाहरणादाखल गहूच घेऊ. एक क्विंटल गव्हाला साधारण साडेचार ते पाच घनफूट जागा लागते, म्हणजेच दीड फूट व्यासाची आणि पावणेतीन फूट उंचीची पत्र्याची कोठी. पाच माणसांना वर्षाकाठी तीन क्विंटल गहू आणि दीड क्विंटल दादर धरली, तर चार ते पाच कोठ्या होतात. सहा फूट लांबीच्या भिंतीला चार कोठ्या ओळीने उभ्या राहतात. तेव्हा स्वयंपाकघराला लागून चार बाय साडेसहा फुटांचे कोठीघर काढले, तरी आपले काम भागेल. कोठ्यांखाली जमिनीपासून चार इंच उंचीचा विटांचा कट्टा करून त्यावर कडप्पा बसवावा. कोठीच्या झाकणावर निदान दीड फूट मोकळे अंतर सोडावे, नाहीतर वाकून गहू काढताना दर वेळी डोके फळीवर आपटते. त्या अंतराच्या वर कडप्प्याच्या दोन फळ्या आल्या की वाळवणाच्या डब्यांची सोय झाली. इथे लाकडाचा एक तुकडाही लागत नाही, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत वाळवी किती आहे हे लक्षात घेता ते फायद्याचेच आहे.

आता लॉफ्टविषयी. लिंटेलच्या पातळीवर, म्हणजे सात फुटांवर, तीन इंच जाडीचा आरसीसी लॉफ्ट भरून घेणे हे नंतर प्लायवूडचा माळा करण्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ पडते, हे खरे आहे. मात्र आतल्या साडेचार इंची भिंतीतून नुसता पुढे काढलेला लॉफ्ट नको. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकलेला असावा आणि सळ्यांचे काम इंजिनिअरकडून लिहून घ्यावे. 'सगळीकडे लॉफ्ट' हा सल्ला तर मला अजिबात पटत नाही. वरचा मजला नसल्यामुळे आपला स्लॅब थेट उन्हात राहणार आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा स्लॅबखालच्या बंद लॉफ्टमध्ये बाहेरच्याहून अधिक उष्णता साठते. तिथे तूप, तेल, मेण, प्लास्टिकचे डबे, औषधे आणि फोटोंचे अल्बम यांतले काहीही ठेवण्यात अर्थ नाही. तिथे चालतील ती फक्त भांडी, पत्र्याच्या पेट्या आणि सणावाराचे सामान.

जळगाव_ते_पुणे

थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नये. मी मूळचा भुसावळ भागातला असून बरीच वर्षे पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. आमच्याकडे महिन्याचे धान्य महिन्याला येते आणि त्यावाचून काहीही अडत नाही. आपण सव्वीस चौरस फुटांचे कोठीघर काढणार. बांधकामाच्या आजच्या दराने तेवढ्या जागेचा खर्च मांडून पाहिला, तर हंगामात स्वस्त गहू घेऊन जे वाचते ते भरून यायला किती वर्षे लागतील, याचा हिशोब करून पाहावा. पुढची पिढी वर्षाचे धान्य भरणारच नसेल, तर ती जागा मुलांच्या अभ्यासाला देणे अधिक शहाणपणाचे ठरेल असे वाटते.

आखाजी

जळगाव_ते_पुणे यांचा हिशोब चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. फाल्गुन-चैत्रात ज्या शेतकऱ्याकडून आम्ही दादर घेतो, त्याच्या शेतातली जमीन आम्हाला ठाऊक असते आणि भाकरी कशी होणार हे दाणा हातात घेतल्यावर कळते. आषाढात दुकानातून आणलेल्या ज्वारीची भाकरी अनेकदा थापताना तुटते. ज्या घरात दोन्ही वेळच्या जेवणात भाकरी-पोळी लागते, तिथे या गोष्टीला किंमत आहे, मात्र ती रुपयांत मांडता येत नाही.

तरीही त्यांच्या म्हणण्यातला एक भाग मी मान्य करते. आमच्या सासूबाईंच्या काळी अकरा माणसांसाठी जे भरले जाई, ते पाच माणसांच्या घरात तसेच्या तसे भरण्याचे कारण नाही. आम्ही आता अमळनेरच्या घरात गहू आणि दादर एवढेच वर्षाचे घेतो. तूर डाळ चार महिन्यांची घेतो. हरभरा डाळ, शेंगदाणे, गूळ हे तर महिन्याचेच, कारण डाळींना आणि शेंगदाण्यांना कीड लवकर लागते आणि गूळ पावसाळ्यात पाझरतो. त्यामुळे कोठीघर असावे, परंतु त्याची लांबी आपण खरोखर किती धान्य भरणार आहोत त्यावर ठरवावी. बेत पाच कोठ्यांचा असेल तर चौथीनंतर एकदा थांबून विचार करावा.

गिरणाकाठ ताई, खापराबद्दल दोन शब्द. ते माळ्यावर मुळीच ठेवू नये. मोठे, गोलाकार आणि ठिसूळ असल्यामुळे शिडीवरून उतरवताना एकट्या बाईला ते पेलत नाही. कोठीघरात जमिनीलगत दीड-दोन फूट उंचीचा एक उघडा कप्पा ठेवावा आणि त्यात गोधडीची जुनी चुंबळ करून तिच्यावर खापर पालथे घालावे. भरताची बडगी त्याच कप्प्यात मावते. बडगी धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय बंद कपाटात गेली की तिला बुरशी येते, म्हणून कप्पा उघडाच बरा.

सातपुड्याचा_पायथा

यावल भागात आमची केळी आणि गव्हाची शेती आहे. कोठीघर कुठे असावे, याबद्दल सांगतो. धान्यातल्या किड्यांची वाढ साधारण तीस-पस्तीस अंशांच्या दमट हवेत सर्वांत जोमाने होते. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा त्यांना फारसा मानवत नाही. खरा धोका पहिला पाऊस पडल्यावर सुरू होतो. म्हणून कोठीघर उत्तरेच्या बाजूला असावे, न्हाणीघराची भिंत त्याला लागून नसावी, आणि छताजवळ जाळी लावलेला लहान झरोका ठेवावा.

धान्य भरण्याची पद्धतही जागेइतकीच महत्त्वाची आहे. गव्हात दहा-बारा टक्क्यांहून अधिक ओल नसावी. घरी यंत्र नसते, पण दाणा दाताखाली धरल्यावर तो कट्टकन तुटला तर वाळला आहे आणि चेपला गेला तर अजून ऊन द्यायला हवे, ही जुनी परीक्षा भरवशाची आहे. उन्हातून काढलेला गहू तसाच गरम कोठीत भरू नये. रात्री पत्रा थंड झाला की आतली वाफ झाकणाच्या खालच्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते आणि वरचा थर काळा पडतो. सावलीत पूर्ण गार होऊ द्यावा, मगच सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घालून भरावा.

एक कळकळीची विनंती आहे. काही जण दुकानातून आणलेल्या विषारी गोळ्या घरातल्या कोठीत टाकतात. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन नावाचा वायू सुटतो, तो झाकणाच्या फटीतून शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो, आणि त्या विषावर उतारा नाही. त्या गोळ्या गोदामासाठी आणि प्रशिक्षित माणसांसाठी आहेत. राहत्या घरात त्या आणूच नयेत.

रंधा

माझा फर्निचरचा व्यवसाय आहे, त्यामुळे लाकडापुरते बोलतो.

पहिली गोष्ट प्लायवूडची. आयएस ३०३ या मानकात एमआर (ओलसर हवेत टिकणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा) असे दोन प्रकार आहेत आणि आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचे मानक आहे. झोपण्याच्या खोलीतल्या कपाटाला चांगला एमआर चालतो. ओट्याखाली, सिंकजवळ आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर मात्र बीडब्ल्यूआर किंवा ७१० याखाली उतरू नये. 'वॉटरप्रूफ' हा शब्द दुकानदार कशालाही लावतात, म्हणून त्यांच्या बोलण्यावर न जाता प्लायवूडवरचा आयएसआयचा शिक्का आणि मानकाचा आकडा स्वतः वाचून घ्यावा. पार्टिकल बोर्डविषयी माझे मत वाईट आहे. आपल्याकडची हवा कोरडी असते हे खरे, परंतु आपण तीन-चार महिने रोज घरात कूलर चालवतो, म्हणजे बंद खोलीत दमट हवा सोडतो. कूलरसमोरच्या कपाटाचा तळ आणि कडा सर्वांत आधी फुगतात.

दुसरी गोष्ट फळीच्या लांबीची. १८ मिलिमीटर जाडीची फळी अडीच फुटांपेक्षा लांब ठेवली आणि तिच्यावर पुस्तके किंवा भांडी रचली, की ती एक-दोन वर्षांत मधोमध खाली झुकते. लांबी वाढवायचीच असेल, तर मध्ये उभा आधार द्यावा किंवा पुढच्या कडेला खालून दीड इंचाची पट्टी मारावी.

तिसरी गोष्ट खोलीची, म्हणजे कपाटाच्या आतपर्यंतच्या मापाची. सगळी कपाटे दोन फूट खोल काढण्याची प्रथा पडली आहे. हँगरला टांगलेल्या कपड्यांना तेवढे लागते. घडी केलेल्या साड्या, मुलांचे कपडे, चादरी यांना मात्र पंधरा-सोळा इंच पुरतात. जास्त खोलीत दोन ओळी होतात, मागची ओळ दिसत नाही आणि वर्षभर बाहेरही येत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दहा फुटी भिंतीला दोन फुटांचे कपाट केले, तर वीस चौरस फूट, म्हणजे खोलीचा सहावा हिस्सा गेला. निम्मे कपाट सोळा इंचांचे केले, तर दारामागची जागा मोकळी होते.

लळिंग

रंधा यांच्या शेवटच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत भिंती दीड-दोन हात जाड असत आणि कोनाडे, देवळ्या, फडताळे हे सगळे त्या जाडीतच बसवलेले असे, त्यामुळे साठवणुकीने खोलीतली जमीन अडत नसे. आजच्या भिंतीत ते शक्य नाही. पण ताईंचे विटांचे काम अजून चालू असल्यामुळे बाहेरच्या नऊ इंची भिंतीत, इंजिनिअरला विचारून, चार इंच खोलीचे एक-दोन कोनाडे सोडता येतील. देवासाठी, मसाल्यांच्या बरण्यांसाठी, मोबाइल चार्ज करण्यासाठी तेवढी खोली पुरते. पश्चिमेच्या भिंतीत मात्र असे काही करू नये. तिथे भिंत आणखी पातळ करणे म्हणजे उन्हाला आमंत्रण देणे होय.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. यातून दोन प्रश्न निर्माण झाले. आमच्या मोठ्या खोलीची एक भिंत पश्चिमेला आहे आणि आराखड्यात त्याच भिंतीला कपाट दाखवले आहे, ते योग्य आहे का? दुसरे म्हणजे, कूलर ठेवायचा कुठे? पूर्वीच्या घरात तो दिवाळीनंतर जिन्याखाली जाई आणि होळीला बाहेर येई. तोवर त्याच्या टाकीला गंज चढलेला असे आणि जिन्याखालचे बाकीचे सामान त्याच्यामागे अडकून राही.

रंधा

पश्चिमेच्या भिंतीला कपाट नको, असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारचे ऊन नऊ इंची भिंतीतून आत पोहोचायला संध्याकाळ उलटते, आणि मग कपाट रात्रभर तापलेले राहते. लॅमिनेटचा चिकटपणा सुटतो. ऑफिसला जायला सकाळी शर्ट काढावा, तर तोही कोमट लागतो.

लळिंग

इथे मी रंधा यांच्याशी सहमत नाही. तापलेली भिंत आणि झोपणारा माणूस यांच्यामध्ये दोन फुटांचे भरलेले कपाट आले, तर खोली निश्चितच कमी तापते. कपडे कोमट लागणे आणि रात्रभर झोप न लागणे यांत मी पहिले पत्करीन. कपाटाची पाठ मात्र भिंतीला चिकटवू नये. एक इंच मोकळी फट ठेवून तिला वर आणि खाली हवा जाण्यासाठी वाट ठेवावी. अशा कपाटात रोजचे सुती कपडे आणि अंथरुणे ठेवावीत. भरजरी साड्या, कागदपत्रे आणि औषधे दुसऱ्या भिंतीच्या कपाटात जाऊ द्यावीत. बाहेरून त्या भिंतीला फिकट रंग दिला आणि प्लॉटमध्ये जागा असेल तर त्या बाजूला कडुनिंब लावला, तर रंधा यांची तक्रारही बरीच कमी होईल.

कूलर घरात साठवूच नये, असे माझे सांगणे आहे. ज्या खिडकीत तो बसणार आहे तिथे बाहेरच्या बाजूने अडीच फूट खोल जागा करावी, तिथपर्यंत पाण्याची एक तोटी आणि खाली निचऱ्याची नळी बांधकामातच काढून घ्यावी, आणि वर छज्जा ठेवावा. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, पुसून, वाळवून, गवताच्या जाळ्या काढून वर आवरण घातले की कूलर जागच्या जागी राहतो. मात्र भरलेल्या टाकीसह मोठ्या कूलरचे वजन शंभर किलोच्या पुढे जाते. ते छज्जावर टाकायचे असेल, तर त्यासाठी सळ्यांचा हिशोब वेगळा करावा लागतो. तळमजला असल्यामुळे जमिनीवरून उभा केलेला लोखंडी अँगलचा स्टँड अधिक सोपा आणि सुरक्षित आहे.

आखाजी

गाद्यांचा विषय राहून गेला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा सगळे भाऊबंद एका घरी जमतात, आणि त्या घरी अंथरुणे कमी पडली तर वर्षभर बोलणी खावी लागतात. सहा बाय सहाच्या पलंगाखाली दहा इंच उंचीची पेटी केली, तरी तीस घनफूट जागा मिळते. कापसाच्या पातळ गाद्या आणि गोधड्या तिथे चांगल्या मावतात. जाड गाद्या मावत नाहीत, हे आधीच मोजून घ्यावे. पेटीचा तळ जमिनीला टेकू देऊ नये आणि बाजूंना हवेची भोके असावीत. श्रावणात अंथरुणे लागणार असल्यामुळे ज्येष्ठातच ऊन दाखवून ठेवावीत, कारण नंतर ऊन मिळेलच असे नाही. ज्या पलंगावर सासूबाई झोपणार, त्याला मात्र पेटी नको. गादी उचलून झाकण उघडणे त्यांना झेपणार नाही आणि घरातले प्रत्येक जण त्यांना उठवत राहील.

जळगाव_ते_पुणे

हे सगळे वाचल्यावर कोठीघरावरचा माझा आक्षेप मी अर्धा मागे घेतो. उरलेल्या अर्ध्यासाठी एक सूचना करतो. कट्टा आणि कडप्प्याच्या फळ्या भिंतीत पक्क्या करताना विजेचा एक पॉइंट आणि एक नळ त्या खोलीत काढून ठेवावा. पुढे कोठ्या कमी झाल्या, तर तिथे कपडे धुण्याचे यंत्र बसू शकेल.

लळिंग

सूचना चांगली आहे, फक्त नळाची वाहिनी कोठ्यांच्या भिंतीतून न नेता समोरच्या भिंतीतून न्यावी आणि निचऱ्याचे तोंड तूर्त पक्के बंद ठेवावे, नाहीतर तिथून झुरळे येतील.

आणखी एक गोष्ट. गॅसच्या टाक्या ओट्याखालच्या बंद ट्रॉलीत दाखवल्या असतील, तर तो कप्पा नीट पाहून घ्यावा. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तळाशी साचतो. त्या कप्प्याच्या दाराला अगदी खालच्या कडेशी मोकळी जाळी हवी आणि टाकी उभीच राहिली पाहिजे. भरलेली दुसरी टाकी कोठीघरात ठेवण्याचा मोह होतो, परंतु छोट्या बंद खोलीत, जिथे विजेचे बटण दाबले जाणार आहे, तिथे ती ठेवू नये.

गिरणाकाठ

मग असे ठरवते. स्वयंपाकघराच्या उत्तरेला चार बाय साडेसहाचे कोठीघर, त्यात चार कोठ्यांचा कट्टा आणि खापराचा उघडा कप्पा. लॉफ्ट फक्त दोन ठिकाणी, कोठीघराच्या दारावर आणि लहान खोलीच्या प्रवेशाच्या वर. कूलरसाठी बाहेर अँगलचा स्टँड आणि तोटी. पश्चिमेचे कपाट आहे तिथेच, पण अर्धे सोळा इंचांचे. टीव्हीच्या भिंतीचा खर्च कमी केला, तर हे सगळे त्याच रकमेत बसेल असे दिसते. मिस्त्री परवा सळ्या बांधणार आहेत. त्यांना हे तोंडी सांगितले तर चालेल का?

रंधा

तोंडी सांगू नये. इंजिनिअरने लॉफ्टच्या सळ्यांसह नकाशावर सही केलेली एक प्रत मिस्त्रींच्या हातात द्यावी. त्यानंतर स्वतः जाऊन विटांच्या भिंतीवर खडूने लॉफ्टची पातळी, कोठीघराचे दार, झरोका, तोटी आणि कोनाडे यांच्या खुणा करून घ्याव्यात. कोठीघराचे दार निदान अडीच फुटांचे ठेवा. दीड फुटी कोठी त्यातून सहज जाते, पण ती उचलणारी दोन माणसेही तिच्यासोबत आत गेली पाहिजेत.